पिवळी अक्षरे, पांढरा कागद : संगणकाचे रंग सगळीकडे सारखे कसे राखावेत



गेल्या सत्रातील संगणकाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत आठवीची एक विद्यार्थिनी जवळजवळ पंधरा मिनिटे एका रिकाम्या चौकटीकडे पाहत बसली होती. तिची दृष्टी लहानपणापासून अधू आहे. पांढऱ्या पडद्याची झळाळी तिच्या डोळ्यांना सोसत नाही, म्हणून तिच्यासाठी काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे अशी व्यवस्था आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच करून दिली होती. वर्गात सर्व काही ठीक चालले होते. परीक्षेच्या दिवशी मात्र एक वेगळा प्रोग्राम उघडायचा होता. तिने तो उघडला आणि वाट पाहत बसली. शेवटी हात वर करून म्हणाली, "मॅडम, माझ्या पडद्यावर प्रश्न आलाच नाही."

मॅडमनी वाकून पाहिले. प्रश्न आलेला होता. पांढऱ्या चौकटीत, पिवळ्या अक्षरांत!

तिला वाढीव वेळ दिला, गुणांचे नुकसान होऊ दिले नाही. पण चूक तिची नव्हती, आमची होती. चार-पाच प्रोग्राम तपासून आम्ही "झाले काम" म्हणून मोकळे झालो होतो. त्यानंतर तीन शनिवार आम्ही आणि संगणकाच्या मॅडम कक्षात बसून एकच प्रश्न सोडवत होतो : एकदा निवडलेले रंग सर्व प्रोग्राम का मानत नाहीत, आणि त्यांना मानायला कसे लावावे? त्यातून जे समजले ते या अंकाच्या पाठात मांडत आहोत. विद्यार्थ्यांना यात थोडे गणितही मिळेल, आणि विश्वस्तांनी मागच्या बैठकीत विचारलेल्या "नवीन संगणक घेतले तर ही अडचण जाईल का" या प्रश्नाचे उत्तरही येईल.

आधी गणित. कोणत्या रंगावर कोणते अक्षर वाचता येईल हे केवळ आवडीनिवडीवर सोडलेले नाही. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सी या संस्थेने त्यासाठी एक सूत्र दिले आहे. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या मिश्रणातून बनतो, आणि प्रत्येकाची मात्रा ० ते २५५ अशी मोजतात. पण आपल्या डोळ्याला हे तिन्ही रंग सारखेच उजळ वाटत नाहीत. पूर्ण हिरव्याचा उजळपणा ०.७१५२ धरतात, पूर्ण लालाचा ०.२१२६ आणि पूर्ण निळ्याचा अवघा ०.०७२२. तिघांची बेरीज १, म्हणजे पांढरा. काळ्याचा ०. आता दोन रंगांपैकी अधिक उजळ रंगाच्या आकड्यात ०.०५ मिळवायचे, कमी उजळ रंगाच्या आकड्यातही ०.०५ मिळवायचे, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. जो भागाकार येतो त्याला त्या जोडीचे भेद-गुणोत्तर म्हणू या. काळा आणि पांढरा घेतले तर १.०५ भागिले ०.०५, म्हणजे २१. यापेक्षा मोठे गुणोत्तर येऊच शकत नाही. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी ते किमान ४.५ असावे, मोठ्या ठळक अक्षरांसाठी ३ चालेल, आणि उत्तम सोय करायची असेल तर ७ असावे, असे मानक सांगते.

पिवळा म्हणजे पूर्ण लाल अधिक पूर्ण हिरवा. त्याचा उजळपणा ०.२१२६ अधिक ०.७१५२, म्हणजे ०.९२७८. काळ्यावर पिवळे : ०.९७७८ भागिले ०.०५, उत्तर सुमारे १९.५६. फारच छान. पांढऱ्यावर पिवळे : १.०५ भागिले ०.९७७८, उत्तर सुमारे १.०७. गुणोत्तर १ याचा अर्थ दोन्ही रंगांचा उजळपणा अगदी सारखा. तेव्हा त्या मुलीला चौकट रिकामी दिसली यात नवल काहीच नाही. ज्यांची नजर चांगली आहे त्यांनीही पांढऱ्या कागदावर पिवळ्या खडूने आपले नाव लिहून चार हात लांबून वाचून पाहावे.

एक गोष्ट लक्षात घ्या. त्या प्रोग्रामने आमचे रंग मुळीच मानले नसते, तर पांढऱ्यावर काळी अक्षरे आली असती. तिला त्रास झाला असता, पण वाचता आले असते. त्याने अर्धेच मानले. अक्षरांचा रंग आमचा घेतला आणि कागदाचा रंग स्वतःचा ठेवला. सगळा घोटाळा या अर्धवटपणात आहे. आमच्या इंदूरला रंगपंचमीच्या गेरेत कुणाच्या अंगावर कोणता रंग पडेल याचा भरवसा नसतो, आणि त्यातच मजा असते. परीक्षेच्या पडद्यावर तसे चालत नाही.

आता हे प्रोग्राम रंग घेतात तरी कुठून? प्रोग्राम लिहिणारा माणूस प्रत्येक बटण, प्रत्येक चौकट, प्रत्येक मेनू स्वतः चितारत बसत नाही. घर बांधताना आपण दारे-खिडक्या तयार आणतो, तसा तो हे सामान तयार घेतो. या तयार सामानाच्या पेटीला टूलकिट म्हणतात. आमच्या कक्षातील संगणक लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सवर अशा दोन पेट्या सर्वांत जास्त वापरात आहेत.

पहिली क्यूटी. तिचे निर्माते तिचा उच्चार "क्यूट" असा करतात, पण बहुतेक लोक क्यूटीच म्हणतात. नॉर्वेमधील हावार्ड नॉर्ड आणि आयरिक शाम्बे-एंग यांनी ती तयार केली आणि १९९५ मध्ये लोकांपुढे आणली. पुढच्या वर्षी जर्मनीत मथियास एट्रिख यांनी केडीई हा डेस्कटॉप सुरू केला तो याच पेटीच्या आधारावर. दुसरी जीटीके. अमेरिकेत बर्कले येथे स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी गिंप हा चित्रांचा प्रोग्राम लिहीत होते. त्या प्रोग्रामसाठी बनवलेली पेटी इतकी चांगली निघाली की नंतर ग्नोम आणि एक्सएफसीई हे डेस्कटॉपही तिच्यावर उभे राहिले. विद्यार्थ्यांनी आपल्या एका प्रोग्रामच्या गरजेतून केलेले काम जगभर पसरले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावे.

दोन पेट्या असणे ही अडचण तशी लहान आहे. खरी अडचण आवृत्त्यांची. क्यूटीची चौथी आवृत्ती २००५ मध्ये आली, पाचवी २०१२ च्या डिसेंबरात आणि सहावी २०२० च्या डिसेंबरात. जीटीकेची दुसरी २००२ मध्ये, तिसरी २०११ मध्ये, चौथी पुन्हा २०२० च्या डिसेंबरात. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी जात नाही, कारण जुन्या आवृत्तीवर लिहिलेला प्रोग्राम नव्या आवृत्तीवर आणायला पुष्कळ मेहनत पडते. खुद्द गिंपचेच पाहा. जीटीके ज्याच्यासाठी जन्मली तोच गिंप २.१० पर्यंत जीटीकेच्या दुसऱ्या आवृत्तीवर होता. तिसऱ्या आवृत्तीवर तो आला गिंप ३.० मध्ये, म्हणजे २०२५ च्या मार्चमध्ये. तोपर्यंत जीटीकेची चौथी आवृत्ती येऊन चार वर्षे उलटली होती! त्यामुळे एकाच संगणकावर एकाच वेळी क्यूटीच्या दोन आणि जीटीकेच्या तीन आवृत्त्या नांदत असतात. बाहेरून आपल्याला दिसतो एकच डेस्कटॉप. आत मात्र पाच बिऱ्हाडे असतात आणि प्रत्येकाची चूल वेगळी.

प्रत्येक चुलीची वही वेगळ्या जागी असते. जीटीकेची दुसरी आवृत्ती वापरकर्त्याच्या घर-फोल्डरमधील एका लपलेल्या फाइलमधून रंग वाचते. तिसरी आणि चौथी आवृत्ती कॉन्फिग नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये आपापल्या नावाचे वेगळे फोल्डर शोधतात. केडीईचे स्वतःचे रंग केडीईग्लोबल्स या फाइलमध्ये लिहिले जातात. केडीई नसलेल्या संगणकावर क्यूटीच्या पाचव्या आवृत्तीचे रंग ठरवायला क्यूटी-फाइव्ह-सीटी हा छोटा प्रोग्राम लागतो आणि सहाव्या आवृत्तीसाठी क्यूटी-सिक्स-सीटी. एकाच्या वहीत लिहिलेले दुसरा वाचत नाही. (या फाइलींची नेमकी नावे संगणक कक्षातील फलकावर रोमन लिपीत लावली आहेत. ज्यांना घरी करून पाहायचे आहे त्यांनी तेथून उतरवून घ्यावीत. एखादा बिंदू सुटला तरी काम होत नाही.)

वह्या वेगळ्या असणे एक वेळ परवडले, एकातून दुसरीत उतरवून घेता आले असते. पण त्यांतले शब्दही वेगळे आहेत. खिडकीच्या पार्श्वभूमीचा रंग घ्या. जीटीकेच्या दुसऱ्या आवृत्तीत तो "बीजी कलर" या नावाने ओळखला जातो. तिसऱ्या आवृत्तीत तोच "थीम बीजी कलर" झाला. चौथ्या आवृत्तीबरोबर ग्नोमने जो नवा संच आणला त्यात तोच "विंडो बीजी कलर" आहे. क्यूटीत त्याला नुसते "विंडो" म्हणतात. घरात आपण जिला घोसाळी म्हणतो तिलाच बाहेर मंडईत गिलकी म्हणावे लागते, नाही तर भाजीवाला मान हलवतो आणि आपण रिकाम्या पिशवीने परत येतो. भाजी टोपलीत समोरच असते. संगणक तर भाजीवाल्यापेक्षाही हट्टी. ओळखीचे नाव दिसले नाही तर तो काही विचारत नाही, मुकाट्याने आपला मूळचा रंग लावतो. आम्ही रंग लिहिला, त्याने नाकारला, आणि नाकारल्याचे कळवलेही नाही, असे तीन शनिवारांत कितीदा तरी घडले.

क्यूटीची रंगांची यादी थोडी सविस्तर पाहू, कारण ती समजली की बाकीच्या आपोआप समजतात. तिला पॅलेट म्हणतात. चित्रकाराच्या पॅलेटवर रंग असतात, पण या पॅलेटवर कामे लिहिलेली असतात. "विंडो" म्हणजे भिंत, "विंडो टेक्स्ट" म्हणजे भिंतीवर लिहिलेले अक्षर. "बेस" म्हणजे ज्या चौकटीत आपण टाइप करतो तो कागद, "टेक्स्ट" म्हणजे त्या कागदावरची शाई. "बटन" आणि "बटन टेक्स्ट" हे तर नावावरूनच कळते. "हायलाइट" म्हणजे निवडलेल्या मजकुरामागचा पट्टा, "हायलाइटेड टेक्स्ट" म्हणजे त्या पट्ट्यावरची अक्षरे. पाहा, बहुतेक सगळ्या जोड्या आहेत. एक पार्श्वभूमी आणि तिच्यावरचे अक्षर. शिवाय ही यादी तीनदा लिहावी लागते : चालू खिडकीसाठी, मागे पडलेल्या खिडकीसाठी, आणि जी बटणे सध्या दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी. आम्ही पहिल्या शनिवारी चालू खिडकीचेच रंग लिहिले होते. मग काय, दुसऱ्या खिडकीवर टिचकी मारली की पहिली पुन्हा पांढरी व्हायची.

या यादीत दर काही वर्षांनी एखादे काम वाढते. वर्गाच्या हजेरीपटाचे उदाहरण घ्या. पट २० नावांचा होता. क्यूटी ५.१२ मध्ये एक नाव वाढले, रिकाम्या चौकटीत जी फिकट सूचना दिसते तिच्या रंगाचे. पट २१ चा झाला. २०२३ मध्ये क्यूटी ६.६ ने "ॲक्सेंट" नावाचा आणखी एक रंग घातला. पट २२ चा. जुन्या आवृत्तीतून जपून ठेवलेली रंगांची फाइल नव्या आवृत्तीला दिली की ती आधी मोजते, आणि आकडा जमला नाही तर अडते. आमच्याकडील एका प्रतीने अशी २० रंगांची फाइल सबंधच बाजूला टाकली. वर्गात एक नवा मुलगा आला म्हणून गुरुजींनी पूर्ण पटच फाडावा, त्यातला प्रकार. उपाय सोपा निघाला : फाइल उघडून तिन्ही ओळींच्या शेवटी कमी असलेला रंग लिहिला. पण कारण सापडेपर्यंत एक पूर्ण शनिवार गेला, कारण फाइल डोळ्यांना अगदी बरोबर दिसत होती.

आमच्या कक्षात दोन प्रकारचे संगणक आहेत. थोडे ताकदवान आहेत त्यांवर केडीई आहे, जुन्यांवर हलका म्हणून एक्सएफसीई. दोन्हीकडचा अनुभव वेगळा आला.

केडीईवर काम बरेच सोपे आहे. सिस्टीम सेटिंग्जमध्ये एकदा रंगसंगती निवडली की ती केडीईग्लोबल्समध्ये लिहिली जाते, आणि केडीई स्वतःच जीटीकेच्या तिसऱ्या व चौथ्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये त्यांच्या भाषेत उतरवलेली रंगांची फाइल ठेवते. दुभाष्या घरचाच आहे म्हणा ना. अट एवढीच की जीटीकेसाठी केडीईची ब्रीझ हीच थीम निवडलेली असावी, दुसरी असेल तर तिला हे रंग माहीत नसतात. एक खाचखळगा मात्र आहे. केडीईचा डेस्कटॉप प्लाझ्मा २०२४ च्या फेब्रुवारीत क्यूटीच्या सहाव्या आवृत्तीवर गेला. ज्या प्रोग्रामचे अजून पाचव्यावरच भागते आहे, त्यांना केडीईचे रंग कळावेत यासाठी पाचव्या आवृत्तीचा जोडभाग संगणकात असावा लागतो, आणि काही लिनक्स वितरणांत तो वेगळा बसवावा लागतो. तो नसला की जुना प्रोग्राम परक्या पाहुण्यासारखा आपल्याच पांढऱ्या कपड्यांत येतो.

एक्सएफसीईने आम्हाला खरे दमवले. तेथे जीटीकेच्या तिसऱ्या आवृत्तीची सेटिंग्ज फाइल आम्ही तीन वेळा बदलली आणि तिन्ही वेळा काही फरक पडला नाही. कारण असे की एक्सएफसीई स्वतःचा एक कारभारी पडद्यामागे चालवते. तो प्रत्येक जीटीके प्रोग्रामला थीमचे नाव थेट कळवतो, आणि कारभाऱ्याचा शब्द फाइलीच्या वर चालतो. फाइल खोटी नव्हती, फक्त तिला कोणी विचारत नव्हते. तेव्हा एक्सएफसीईवर थीम बदलायची ती तिच्या स्वतःच्या "अपीअरन्स" खिडकीतूनच. आणि क्यूटीच्या प्रोग्रामांसाठी वर सांगितलेले दोन्ही छोटे प्रोग्राम बसवायचे, पाचव्याचा आणि सहाव्याचा, दोघांना एकच रंगयादी द्यायची, आणि लॉग-इन होताना क्यूटीला "रंग यांना विचार" असे सांगणारी एक ओळ घालायची. ती ओळ विसरली तर ते दोघे नुसते बसून राहतात.

जीटीकेच्या चौथ्या आवृत्तीची आणि ग्नोमच्या नव्या प्रोग्रामांची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि तेथे आमचे मत सर्वांना पटेलच असे नाही. २०१९ मध्ये ग्नोमसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या काही लोकांनी एक उघड पत्र काढले. त्यांची तक्रार अशी होती की लिनक्सची वितरणे आपापल्या थीम आमच्या प्रोग्रामांवर लादतात, त्यामुळे प्रोग्राम बिघडलेले दिसतात आणि दोष आमच्यावर येतो. तक्रारीत तथ्य होते. आमच्या मुलीच्या पडद्यावर जे झाले तो त्याच जातीचा बिघाड. पुढे २०२२ मध्ये ग्नोम ४२ बरोबर लिबअद्वैता नावाचा संच आला. हा संच बाहेरची थीम मानत नाही. अद्वैत हा आपलाच संस्कृत शब्द, "ज्याला दुसरा नाही" असा. नाव ठेवणाऱ्यांनी ते अगदी शब्दशः घेतले असे म्हणावेसे वाटते! त्याऐवजी वापरकर्त्याने फक्त आपली पसंती सांगायची : गडद हवे, उजळ हवे, की काही सांगायचे नाही. ही पसंती पोर्टल नावाच्या मधल्या खिडकीतून सर्व प्रोग्रामांना कळते, आणि तेथे ० म्हणजे पसंती नाही, १ म्हणजे गडद, २ म्हणजे उजळ असे आकडे ठरलेले आहेत. पुढे त्यात "भेद अधिक हवा" हे सांगण्याचीही सोय झाली.

ही पद्धत स्वच्छ आहे, कारण रंगांच्या जोड्या प्रोग्राम लिहिणारा स्वतः जुळवतो आणि अर्धवटपणाला जागा उरत नाही. क्यूटी, जीटीके, आवृत्ती कोणतीही असो, एकच प्रश्न आणि तीनच उत्तरे. घरगुती आणि कार्यालयीन वापराला हे पुरेसे आहे असे आम्हालाही वाटते. पण ज्या मुलीला नेमके पिवळेच अक्षर दिसते, तिला "गडद हवे का" एवढा एकच प्रश्न विचारून भागत नाही. गडद म्हटल्यावर बहुधा राखाडीवर पांढरे मिळते. रंग आपले नेमके निवडण्याचा हक्क डोळे अधू असलेल्या माणसाकडे राहिला पाहिजे, आणि तो काढून घेताना थोडा अधिक विचार व्हायला हवा होता.

याशिवाय असे काही प्रोग्राम आहेत की जे कुणाचेच ऐकत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. टक्स पेंट आणि जीकॉम्प्री हे लहान मुलांचे प्रोग्राम आपला सबंध पडदा स्वतः रंगवतात. जिओजेब्राची क्लासिक ५ ही आवृत्ती जावावर आहे, तिची पेटीच तिसरी. गिंप २.१० उघडला की स्वतःच्या गडद थीममध्ये उघडतो, त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन "सिस्टीम" निवडले तरच तो डेस्कटॉपचे रंग घेतो. अशा प्रत्येकाची खिडकी एकेकदा उघडून पाहण्यावाचून इलाज नाही.

लिब्रेऑफिसविषयी पालकांसाठी वेगळे सांगतो, कारण घरी बहुतेकांकडे तेच किंवा तसेच काही आहे. त्यात अक्षरांचा रंग "ऑटोमॅटिक" ठेवला तर पार्श्वभूमी गडद असताना अक्षरे आपोआप पांढरी होतात आणि उजळ असताना काळी. पण कोणी मुद्दाम काळा रंग निवडून लिहिले असेल, तर ते काळ्या पडद्यावरही काळेच राहते आणि दिसेनासे होते. आमच्या शिक्षकांनी तयार केलेल्या पुष्कळ प्रश्नपत्रिका अशाच निघाल्या. आता सर्व शिक्षकांना विनंती केली आहे की काळा रंग हवा असेल तर काहीही निवडू नये, ऑटोमॅटिकच राहू द्यावे. कागदाची काळी पार्श्वभूमी ही फक्त पडद्यावर दिसण्यापुरती असते, छपाईत येत नाही. तेव्हा शाई संपेल ही चिंता नको.

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे येतो. नवीन संगणक घेतल्याने ही अडचण जात नाही. नव्या संगणकावर नव्या आवृत्त्या येतील, जुन्या प्रोग्रामांसोबत जुन्याही राहतील, आणि पाच बिऱ्हाडांची सहा होतील. या कामाला पैसा जवळजवळ लागत नाही, वेळ लागतो. आम्ही विनंती करतो की आवृत्ती बदलण्याचे काम उन्हाळ्याच्या सुटीतच व्हावे, सत्राच्या मध्यावर कधीही नाही, आणि त्यानंतर प्रत्येक प्रोग्राम उघडून पाहण्यासाठी संगणकाच्या मॅडमना चार दिवस मोकळे मिळावेत. मागच्या वर्षी ते मिळाले नव्हते, आणि ते मागितलेही आम्ही नव्हते.

कक्षात सध्या केलेली व्यवस्था अशी. त्या विद्यार्थिनीचे स्वतःचे लॉग-इन आहे, त्यामुळे तिचे रंग इतरांच्या आड येत नाहीत आणि इतरांनी केलेले बदल तिच्या. तिच्या सर्व रंग-फाइली एका फोल्डरमध्ये जमवल्या आहेत, कोणत्याही संगणकावर तिचे खाते उघडले की त्या तेथे उतरवता येतात. नवे खाते तयार होताना लिनक्स ज्या नमुना-फोल्डरमधून फाइली उचलते, त्यात शाळेचे साधे रंग ठेवले आहेत, म्हणजे बाकीच्या मुलांनाही सर्वत्र एकच रूप दिसते. भिंतीवर एक तक्ता लावला आहे : डावीकडे प्रोग्राम, त्यापुढे त्याची पेटी आणि आवृत्ती, आणि शेवटच्या रकान्यात "तपासले" अशी सही व तारीख. ज्या प्रोग्रामपुढे सही नाही तो परीक्षेत वापरायचा नाही, एवढा नियम केला आहे. ज्या प्रोग्रामने परीक्षेत दगा दिला, त्याच्यापुढे अजून सही नाही. त्याच्या लेखकाने कागदाचा पांढरा रंग आतच पक्का लिहून ठेवला आहे आणि शाईचा रंग लिहायचा विसरला आहे. आम्ही त्याला पत्र लिहिले आहे. उत्तर आलेले नाही.

नववी-दहावीचे जे विद्यार्थी वेबपाने तयार करतात त्यांनी येथे थांबून आपले काम पाहावे. पार्श्वभूमीचा रंग लिहिला आणि अक्षरांचा लिहिला नाही, असे तुमच्या पानात कोठे आहे का? मागच्या महिन्यातील प्रदर्शनात आम्ही जी पाने पाहिली त्यांत ते होते. रंग लिहायचे तर दोन्ही लिहा, नाही तर दोन्ही सोडून द्या.

घरी करण्यासाठी तीन उदाहरणे देतो. वर दिलेले उजळपणाचे आकडे वापरून भेद-गुणोत्तर काढा : काळ्यावर पूर्ण निळे अक्षर, निळ्यावर पांढरे अक्षर, आणि पांढऱ्यावर पूर्ण लाल अक्षर. तिसरे उत्तर आल्यावर ते ४.५ शी ताडून पाहा, आणि शिक्षक वहीवर शेरे कोणत्या शाईने लिहितात ते आठवा. पाचवी ते सातवीच्या मुलांनी गणिताऐवजी आपल्या घरच्या संगणकावर किंवा मोबाइलवर गडद रंग लावून पाहावा आणि कोणता प्रोग्राम पांढराच राहिला त्याची नावे लिहून आणावीत. उत्तरे शनिवारी दुसऱ्या तासापूर्वी मॅडमकडे द्यावीत.